रुईची गाठ आणि पाण्याचा दाब

खानदेशांतील कापसाचा इतिहास सांगतांना शेत, बाजार आणि गिरणी यांचें वर्णन पुष्कळ होतें. पण ज्याच्यावांचून हा माल परदेशीं किफायतीनें गेलाच नसता, त्या दाबयंत्राची आठवण क्वचितच कोणाला होते.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव एकाएकीं चढले. त्याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग खानदेशांत शिरला आणि जळगांव ही कापसाची मोठी पेठ झाली. युद्ध संपतांच भाव कोसळले, अनेक व्यापारी बुडाले. पेठ मात्र टिकली. धुळ्यास लोहमार्ग मिळाला तो १९०० सालीं, चाळीसगांवहून फांटा निघाला तेव्हां.

आतां रुईचा स्वभाव असा कीं ती वजनानें थोडी आणि आकारानें अवाढव्य. आगबोटीचें भाडें मुख्यतः व्यापलेल्या जागेवर ठरे. तेव्हां सैल रुई पाठविणें म्हणजे वाऱ्याचें भाडें भरण्यासारखेंच होतें. म्हणून सरकी काढणाऱ्या जिनांच्या जोडीला गाठी बांधणारे प्रेस आले. मुंबईच्या बाजारांत ७८४ पौंडांची खंडी आणि तिच्या निम्मी, म्हणजे ३९२ पौंडांची, गाठ असा हिशेब रूढ झाला.

एवढा दाब आणावा कोठून? फ्रेंच पंडित पास्कल याचा द्रवांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोंचतो, हें त्यांतील मर्म. जोसेफ ब्रॅमा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं त्यावरून दाबयंत्राचें पेटंट घेतलें. पंपाचा दट्ट्या एक इंच व्यासाचा आणि प्रेसचा दहा इंचांचा असला, तर जोर शंभरपट होतो. मात्र मोठा दट्ट्या शंभरपट हळू चढतो. निसर्ग फुकट कांहींच देत नाहीं.

खरी अडचण निराळीच होती. एवढ्या दाबाचें पाणी दट्ट्याच्या कडेनें निसटे. त्यावर वाटीच्या आकाराच्या कातडी वॉशराचा उपाय निघाला. त्याचें श्रेय ब्रॅमाचा सहकारी हेन्री मॉड्स्ले यास देतात. पाण्याचा दाब वाढला कीं वॉशराची कड आपोआप फांकून अधिक घट्ट बसते. म्हणजे जो पाणी पळवूं पाहतो, तोच दाब त्यास अडवूनही धरतो!

परंतु हें कातडें वाळलें, चिरलें, किंवा पाण्यांतून वाळूचा कण शिरून दट्ट्यावर ओरखडा उठला, कीं सारें बळ वायां जाई. नळींत हवा शिरली तर पंप चाले, पण दाब चढेना. कारण हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाहीं. वॉशर वेळींच बदलणें, पाणी स्वच्छ राखणें, हवा काढून टाकणें, हीं कामें दिसावयास क्षुद्र. पण हंगामांत प्रेस बंद पडला तर रुईचे ढीग सांचत, आणि एक ठिणगी त्यांची राख करण्यास पुरे होई. १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणें आवश्यक ठरलें. गाठ कोठें बांधली हें लपेनासें झालें. कारखान्याची अब्रू मालाबरोबर परगांवीं जाऊं लागली.

पुढें पाण्याची जागा तेलानें घेतली. १९०६ सालीं अमेरिकेच्या ‘व्हर्जिनिया’ युद्धनौकेवर तोफा फिरविण्यास तेलाच्या दाबाची योजना झाली. त्याच कुळांतील चालनयंत्रणा पुढें हिरवळ कापणाऱ्या लहान ट्रॅक्टरांत आली. तेथें पंपांतील तिरक्या तबकडीचा कोन बदलला कीं दाबाचें तेल मोटारीस कमीअधिक वेगानें, किंवा उलट दिशेनेंही, फिरवितें. गिअर बदलण्याचें कारण उरत नाहीं. परंतु पथ्य तेंच राहिलें: तेल स्वच्छ व पुरेसें असावें, हवा शिरूं नये, आणि थंड करणाऱ्या पंख्यांत गवताचा कचरा सांचूं नये.

पास्कलचा नियम जुना होत नाहीं; झिजतें तें कातडें. खानदेशच्या पेठेचें वैभव जितकें भावावर, तितकेंच तें वेळेवर बदलणाऱ्या अनाम हातांवरही उभें होतें.