पॉवर्ड पॅराशूट

पॉवर्ड पॅराशूट : हवेने फुगणाऱ्या कापडी छत्राखाली दोऱ्यांनी जोडलेली तीनचाकी गाडी आणि गाडीच्या पाठीमागे इंजिनावर फिरणारा पंखा, अशा रचनेचे हलके हवाई वाहन. एक किंवा दोन माणसे त्यातून कमी उंचीवरून, संथ वेगाने उडतात. इंजिन पाठीवर बांधून स्वतःच्या पायांनी धावत उडण्याच्या प्रकाराला पॅरामोटर म्हणतात. चाके लावलेले दोन आसनी पॅरामोटरही असतात. दोन्हींचे तत्त्व एकच असून उपयोग मुख्यतः मनोरंजन आणि क्रीडेसाठी होतो. शिकायला सोपे आणि आटोपशीर असल्याने या वाहनांकडे हौशी लोक ओढले जातात. मात्र वारा, विजेच्या तारा, पाणी आणि इंजिनातील बिघाड यांपुढे त्यांची क्षमता तोकडी पडते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या भूरचनेत हे गुण आणि उणिवा दोन्ही स्पष्ट दिसतात.

रचना व कार्य : छत्र नायलॉनच्या दोन थरांचे असते. थरांमधील उभ्या पडद्यांमुळे त्याचे अनेक कप्पे होतात. कप्प्यांची पुढची तोंडे उघडी असतात. गाडी पुढे जाऊ लागली की त्यांतून हवा आत शिरते आणि कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. दोन आसनी वाहनाच्या छत्राचे क्षेत्रफळ साधारण ४५ ते ५० चौ. मी. भरते, तर एकट्याच्या पॅरामोटरचे सुमारे २० ते २८ चौ. मी. सगळे वजन पंखाच्या बरेच खाली असल्याने वाहन आपोआप तोल सावरते.

पॉवर्ड पॅराशूटचा वेग ताशी साधारण ४० ते ५५ किमी. असतो आणि उड्डाणभर तो जवळपास तेवढाच राहतो. इंजिनाचा जोर वाढवला की वाहन चढते, कमी केला की उतरते. पायाजवळचा दांडा दाबला की त्या बाजूची छत्राची मागची कड खाली ओढली जाते आणि वाहन तिकडे वळते. पॅरामोटरमध्ये हेच काम हातातील दोऱ्यांनी होते. त्याचे पाठीवरचे ओझे सुमारे २० ते ३५ किग्रॅ. असते.

उड्डाणापूर्वी गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करतात आणि छत्र तिच्यामागे जमिनीवर पसरून दोऱ्या एकेक करून मोकळ्या करतात. गाडी धावू लागल्यावर छत्र मागून वर येऊन डोक्यावर स्थिरावते. या क्षणी चालकाने मान वर करून सगळे कप्पे उघडले आहेत का, एखाद्या दोरीला पीळ बसला आहे का आणि छत्र मधोमध आहे का, हे पाहायचे असते. शंका आली तर इंजिन बंद करून छत्र खाली घ्यायचे आणि पुन्हा पसरायचे. उड्डाणावेळी गाडी उलटण्याचे अनेक प्रसंग ही पाहणी घाईत उरकल्याने घडतात.

इतिहास : हवेने फुगणाऱ्या कप्पेदार छत्राची कल्पना अमेरिकेतील डॉमिना जॅलबर्ट यांची, १९६६ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्याच देशातील स्टीव्ह स्नायडर यांनी अशा छत्राला इंजिन आणि चाके जोडून १९८१ मध्ये उड्डाण केले आणि १९८३ पासून ‘पॅराप्लेन’ या नावाने ही वाहने विक्रीस आली. १९७८ मध्ये फ्रान्समधील मियूसी येथे डोंगरउतारावरून पॅराशूटसह धावत उडण्याचे प्रयोग झाले. त्यांतून पॅराग्लायडिंग रूढ झाले आणि पुढे त्याच छत्राला पाठीवरचे इंजिन जोडून पॅरामोटर तयार झाले.

भारतात सेनादलांच्या साहसी क्रीडा उपक्रमांतून पॅरामोटरला चालना मिळाली. २०१६ मध्ये हवाई दलाच्या चमूने ‘प्रदक्षिणा’ या मोहिमेत पॅरामोटरवरून देशाभोवती सुमारे १०,००० किमी. प्रवास केला. महाराष्ट्रात पुण्याच्या हडपसर येथे १९५० पासून ग्लायडिंग केंद्र आहे, तर मावळातील कामशेत आणि साताऱ्यातील पाचगणी ही ठिकाणे पॅराग्लायडिंगसाठी ओळखली जातात. त्या ठिकाणी उडायला डोंगरउतार आणि त्यावर चढणारा वारा लागतो. इंजिन असल्यावर सपाट माळ पुरतो. त्यामुळे घाटाखालच्या कोकणपट्टीतही अशा उड्डाणांचा विचार होऊ शकतो.

आकर्षण : पहिले आकर्षण प्रशिक्षणाच्या अल्प कालावधीचे आहे. अमेरिकेत २००४ पासून लागू असलेल्या क्रीडा वैमानिक परवान्यासाठी पॉवर्ड पॅराशूटच्या किमान १२ तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. त्याच परवान्यासाठी साध्या विमानाचे किमान २० तास लागतात. भारतात खासगी वैमानिक परवान्याला ४० तास लागतात. दुसरे म्हणजे सुटसुटीतपणा. छत्र पिशवीत मावते, पॅरामोटर मोटारीतून नेता येते. त्याला धावपट्टी लागत नाही. विमानाच्या मानाने खर्चही बराच कमी येतो.

तिसरे आकर्षण अनुभवाचे. चालकाभोवती काच किंवा पत्रा नसतो. शे-दीडशे मीटर उंचीवरून ताशी पन्नासाच्या आत उडताना वाट, विहीर, बांध, झाडाखाली बसलेली गुरे हे सगळे ओळखू येते. चुलीच्या धुराचा आणि भिजलेल्या मातीचा वासही जाणवतो. वेगाने जाणाऱ्या विमानातून हे मिळत नाही. आपला मुलूख वरून पाहण्याचा हा आनंद खरा आहे आणि तो थोड्या श्रीमंतांपुरता उरू नये, हे या क्रीडाप्रकाराच्या बाजूने सांगण्यासारखे मोठे कारण आहे.

मर्यादा व धोके : वाहन संथ असल्याने वाऱ्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. वाऱ्याचा वेग ताशी १५ ते २० किमी.च्या वर गेला की हौशी चालकाने जमिनीवरच राहणे योग्य. समोरून वाहनाच्या वेगाइतका वारा आला तर ते जागेवर थबकते आणि त्याहून जास्त आला तर मागे सरकते. खडबडीत हवेत छत्राचा काही भाग मिटू शकतो. कमी उंचीवर असे घडले तर राखीव पॅराशूट उघडायलाही अवधी मिळत नाही.

या वाहनांत बहुधा दोन-आघाती इंजिन असते. ते वजनाला हलके असले तरी उड्डाणात बंद पडू शकते, हे गृहीत धरूनच उडावे लागते. इंजिन थांबल्यास पॉवर्ड पॅराशूट एक मीटर उतरताना साधारण तीन ते चार मीटर पुढे जाते. म्हणजे १५० मी. उंचीवरून फार तर ४५० ते ६०० मी. अंतरापर्यंत जागा शोधता येते. उतरण्याजोगी मोकळी जमीन सतत टप्प्यात ठेवणे हा म्हणूनच पहिला नियम आहे.

फिरता पंखा हा वेगळा धोका. पॅरामोटर अपघातांच्या अमेरिकेतील १९९५ ते २०१२ या काळातील ३८४ नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक दुखापती हातांना झालेल्या आढळल्या. जमिनीवर इंजिन सुरू करताना आणि तपासताना हात पंख्यात जाण्याचे प्रसंग घडतात. पाण्यात उतरावे लागल्यास पाठीवरचे इंजिन आणि भोवती पसरलेल्या दोऱ्या यांमुळे पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडणे अवघड जाते. विजेच्या तारा दुरून दिसत नाहीत; खांब दिसतात, म्हणून खांबांवरून तारेचा मार्ग ओळखायला शिकवतात.

शिकायला सोपे म्हणजे धोका कमी, हा समज सर्वांत घातक ठरतो. थोड्या तासांत उडता येते; पण केव्हा उडू नये हे कळायला अनेक ऋतू जावे लागतात. कमी उंचीवरचे उड्डाण पाहणाऱ्याला निर्धोक वाटते, परंतु चूक सावरायला तिथेच सर्वांत कमी वेळ मिळतो.

शहापूर व मुरबाड : हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी आहेत. शहापुरात आसनगावजवळ सुमारे ८५० मी. उंचीचा माहुली किल्ला आहे. पूर्वेला कसारा घाट चढतो. मुरबाडच्या पूर्वेस माळशेज घाट, नाणेघाट, गोरखगड आणि सिद्धगड यांची रांग आहे. मध्ये भाताची खाचरे, वरकस जमिनी आणि गवती माळ पसरले आहेत. उड्डाणाला माळ सोयीचे असतात, पण प्रत्येक मोकळी दिसणारी जागा रिकामी नसते. भातकापणीनंतर अनेक खाचरांत ओलीवर वाल पेरतात. काही ठिकाणी भेंडी आणि काकडी असते. वरून तपकिरी दिसणाऱ्या तुकड्यात उतरल्याने कुणाचे उभे पीक तुडवले जाऊ शकते. कापलेल्या भाताच्या धसकटांत दोऱ्या अडकतात आणि खाचरांच्या बांधांवर गाडीचे चाक आपटते. हिवाळ्यात पहाटे दहिवराने छत्र ओले होते. ओले कापड जड होऊन सावकाश फुगते, म्हणून ऊन येईपर्यंत थांबावे लागते.

पावसाळ्याचे चार महिने उड्डाण वर्ज्य. नोव्हेंबर ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात बरा, तोही सकाळी धुके विरल्यानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा थोडा वेळ एवढाच. ऊन चढले की कातळ आणि उघडे माळ तापून हवेचे प्रवाह वर उठतात. दुपारनंतर पश्चिमेकडून समुद्री वारा येतो. हिवाळ्यात पूर्वेकडचा वारा घाटमाथ्यावरून खाली कोसळतो आणि कड्यांच्या कोकणाकडील बाजूस हवा घुसळून निघते. माळशेज किंवा गोरखगडाचे कडे जवळून पाहण्याचा मोह अशा दिवशी जीवघेणा ठरू शकतो. फेब्रुवारीपासून शेतकरी भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. त्या धुराकडे पाहून जमिनीलगतच्या वाऱ्याची दिशा चटकन कळते. सरळ वर जाणारा धूर काही उंचीवर एकदम आडवा होत असेल, तर वरचा वारा वेगळा आहे हेही समजते.

भातसा, तानसा, वैतरणा आणि बारवी यांचे जलाशय याच परिसरात आहेत. पहिल्या तिन्हींवर मुंबईचा पाणीपुरवठा मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याने धरणांची सुरक्षा कडक ठेवावी लागते. रुंद पाण्यावरून कमी उंचीवर उडणे चालकासाठीही धोक्याचे आहे. भिवंडी तालुक्यातील पडघे येथील मोठ्या वीज उपकेंद्रामुळे परिसरातून उच्चदाब वाहिन्या जातात. तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये दुर्मिळ रानपिंगळा आढळला. अशा जंगलावर दोन-आघाती इंजिनाची घरघर नेणे योग्य नाही. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजांच्या पाड्यांवरही तोच विचार लागू होतो. अचानक डोक्यावर आलेल्या आवाजाने चरणारी गुरे बुजतात आणि गुराख्याची दिवसभराची धावपळ होते. गंभीर अपघात झाल्यास कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते, हेही उड्डाणापूर्वी ध्यानात घ्यावे.

कायदा व परवानगी : ७ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात पॅरामोटरिंगचा समावेश आहे. या धोरणाने भारतीय हवाई क्रीडा महासंघ ही शिखर संस्था ठरवली आणि सेवा देणाऱ्यांची तसेच साधनांची संबंधित क्रीडा संघटनेकडे नोंदणी आवश्यक मानली. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी नोंदणी व सुरक्षेचे नियम आहेत. मुंबई पोलीस पॅराग्लायडर, हलकी विमाने आणि ड्रोन यांवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलवरील हल्ल्यात इंजिनजोड पॅराग्लायडर वापरले गेल्यानंतर जगभर या वाहनांकडे सुरक्षेच्या नजरेने अधिक बारकाईने पाहिले जाते. शहापूर-मुरबाड मुंबईच्या विमान वाहतुकीपासून दूर नाही. म्हणून हवाई क्षेत्राची मुभा, स्थानिक पोलिसांना पूर्वसूचना आणि जमीनमालकाची संमती या तिन्ही गोष्टी लागतात.

मूल्यमापन : हे वाहन हौशी माणसाला आकाश खुले करते; पण ते सैल हातांत गेले की जीव जातात. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातील केरी येथे पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक पर्यटक तरुणी आणि तिचा प्रशिक्षक मृत्युमुखी पडले आणि तो व्यवसाय विनापरवाना चालल्याचे उघड झाले. शहापूर-मुरबाडसारख्या भागात या क्रीडेला स्थान द्यायचे असेल, तर तिकीट काढून दहा मिनिटांची फेरी मारण्याच्या धंद्यापेक्षा ऋतूचे आणि वेळेचे बंधन पाळणारी प्रशिक्षण केंद्रे अधिक हिताची. अशा केंद्रांनी ठरावीक माळ भाड्याने घ्यावा, ग्रामसभेला विश्वासात घ्यावे, अभयारण्य, धरणे आणि पाडे टाळणारा मार्ग आखावा, जमिनीवरील वारा पाहणे, दोऱ्या तपासणे, प्रथमोपचार ही कामे स्थानिक तरुणांना शिकवून रोजगार द्यावा आणि ज्या दिवशी वारा योग्य नसेल त्या दिवशी आलेल्या माणसाला पैसे परत करून पाठवावे. शेवटची अट पाळण्याची तयारी नसलेल्या ठिकाणी उडू नये.