रविवार कुणाचा?

मागच्या बैठकीत बचत गोळा झाली, वहीवर सह्या-अंगठे झाले, आणि आम्ही सहज एकमेकींना विचारलं, "दिवसभरात तुला बरं कधी वाटतं गं?" एक म्हणाली, घर उठायच्या आधी चुलीपुढे एकटीनं घेतलेला चहा. दुसरी म्हणाली, खुरपणीची पात पुरी करून बांधावर टेकते ना, तेव्हा. तिसरीला भाकरी टम्म फुगली की बरं वाटतं. कोपऱ्यातून एक सून हळूच म्हणाली, "रविवारी." त्यावर जो हशा पिकला! पोरं घरी, पाहुणे, आठवड्याची धुणी, वर मटणाचा बेत. बाईला कसला आलाय रविवार?

पण हा रविवार मागणाऱ्यांत बायाही होत्या. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. कोकण-घाटावरून गेलेल्या बाया तिथं कांड्या भरायच्या, सुताच्या लडी करायच्या. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे, 'दीनबंधु' पत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला.

त्यातल्या मागण्या बघा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्य मावळताना थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात यावा. काम करताना दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पगार चालू राहावा.

आम्ही हे गटात वाचलं तेव्हा सगळ्या त्या अर्ध्या तासावर थांबल्या. अर्धा तास म्हणजे काय? फडकं सोडायचं, भाकरी-कांदा खायचा, शेजारणीला लोणचं द्यायचं, पाय लांब करायचे. एवढ्यासाठी सरकारदरबारी अर्ज करावा लागला. आपण रोजगाराला जातो तेव्हा न्याहारीची सुट्टी मुकादमाच्या मर्जीवर असते, हे माहीत असल्यामुळे आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायांनी भाषणं केली. १८९० साल हो! आपल्याला आज ग्रामसभेत माईक धरताना हात कापतो. आणि त्या बायांना मजुरी कामावर मिळायची. गिरणी बंद म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. तरी त्यांना सुट्टी हवी होती. का, ते पैशाच्या हिशेबात बसत नाही. केस धुवायला, लेकराला मांडीवर घ्यायला, गाववालीच्या खोलीवर जाऊन चार शब्द बोलायला एक दिवस लागतो.

१० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कायदा आला. त्यात आठवड्याची सुट्टी आली, बायांचं काम दिवसाला अकरा तासांच्या वर नको असं ठरलं, आणि मधे दीड तास विसावा. अकरा तासही काही थोडे नाहीत म्हणा.

पण तो कायदा गिरणीच्या दारापर्यंतच होता. चाळीतल्या चुलीला तो लागू नव्हता. घरातल्या माणसाला सुट्टी मिळाली, त्या दिवशी चूल जास्त वेळ पेटली असणार, हे आम्हाला कुणी सांगायला नको. आपल्याही घरी तसंच आहे.

तर आम्ही गटात एक ठराव लिहिला. रविवारी संध्याकाळच्या बैठकीआधी अर्धा तास कुणी काही काम करायचं नाही. निवडायला तांदूळ आणायचे नाहीत, वाती वळायच्या नाहीत. आणि त्या वेळचा चहा गटातल्या बाईनं करायचा नाही, जिच्या घरी बैठक तिच्या घरच्या माणसांनी करायचा. यावर दोघींच्या घरी कुरबुर झाली. एकीचे मालक म्हणाले, "चहासाठी ठराव लागतो का?" तिनं त्यांना १८८४ चा अर्ज ऐकवला.

गेल्या रविवारी चहा अध्यक्षताईंच्या सासऱ्यांनी केला. साखर फार पडली होती. कुणी चकार शब्द काढला नाही, सगळ्यांनी दोन-दोन कप घेतला.