पडद्यासमोर बायकांची जागा

आज बोलायचंय सिनेमाबद्दल. नट-नट्यांच्या गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. मी सांगणार आहे ते सिनेमा बघणाऱ्यांबद्दल, त्यातही बघणाऱ्या बायकांबद्दल. कारण एकत्र बसून सिनेमा बघायचा म्हटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न असायचा, बायकांनी बसायचं कुठं?

हा प्रश्न सिनेमाइतकाच जुना आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा आपल्या देशातला पहिला खेळ झाला. आठवडाभरात तेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. तिकिटं चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत होती, आणि पडदा पाळणाऱ्या घरातल्या बायकांसाठी वेगळे बॉक्स राखून ठेवले होते. म्हणजे शहरातल्या पैसेवाल्या घरातल्या बायकांची सोय पहिल्याच महिन्यात झाली. गावातल्या बाईला मात्र अजून बरीच वर्षं थांबायचं होतं.

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लागला. त्यातली राणी तारामती होते अण्णा साळुंके. होते म्हणते, कारण ते पुरुष होते. पडद्यावर यायला कोणी बाई तयार होईना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवलं. पण पडद्यामागं एक बाई राबत होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळायच्या आणि रात्री फिल्मला भोकं पाडायचं कामही करायच्या. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या, आणि मग बायकांची कामं बायका करू लागल्या.

फाळके नुसते चित्रगृहांवर विसंबले नाहीत. बैलगाडीत यंत्र, पडदा आणि फिल्मच्या पेट्या घालून ते गावोगाव फिरले. परतताना गाडीत सुट्या नाण्यांचं ओझं असायचं, असं सांगतात. रामायण-महाभारतातल्या कथा असल्यानं घरातली वडीलधारी मंडळी बायकांना अडवत नसत. देवाच्या दर्शनाला जावं तशा त्या जात.

पुढं हाच फिरता सिनेमा आपल्या जत्रांमध्ये शिरला. पावसाळा सरला, दिवाळी झाली, की टुरिंग टॉकीजचे ट्रक निघायचे ते थेट उन्हाळा संपेपर्यंत. जत्रेच्या मैदानात तंबू उभा राहायचा, भोंग्यावरून सिनेमाचं नाव पुकारलं जायचं आणि अंधार पडला की खेळ सुरू. मोठ्या जत्रेत एकामागून एक खेळ पहाटेपर्यंत चालायचे. खाली माती, वर कापड. पुष्कळ तंबूंत एक बाजू पुरुषांची, एक बायकांची, मध्ये दोरी किंवा कनात. आज आपल्याला त्या दोरीचा राग येईल. पण तिचा एक उपयोगही होता. ती होती म्हणून सासू सुनेला घेऊन यायची, लेकुरवाळी बाई पोराला मांडीवर निजवून निवांत बसायची. दोरीनं बायकांना वेगळं काढलं, आणि तिथंच त्यांना एकत्र बसायला हक्काची जागाही मिळाली.

ही जागा मिळाली, तसे सिनेमेही बायकांच्या मनातलं बोलू लागले. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला. त्यात तुकोबांइतकीच लक्षात राहते ती जिजाई. पोरं उपाशी असताना नवऱ्याच्या भक्तीवर चिडणारी, तरी घर ओढणारी. दुसऱ्याच वर्षी 'कुंकू' आला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी हा संसार मानायला नकार देते, अशी ती गोष्ट. आणि १९९१ सालच्या 'माहेरची साडी'ला तर बायका ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या. त्या सिनेमाला रडका म्हणून हसणारेही खूप होते. पण एवढ्या बायका एका वेळी, उघडपणे, आपल्याच दुःखावर रडल्या ही लहान गोष्ट नव्हती.

आता कोणी म्हणेल, बचत गटाचा आणि सिनेमाचा संबंध काय? तर १९७६ सालचा 'मंथन' आठवा. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांतून दूध संघावरचा हा सिनेमा उभा राहिला. दिग्दर्शक श्याम बेनेगल, आणि त्यातली बिंदू म्हणजे आपली पुण्याची स्मिता पाटील. ज्यांनी पैसे दिले, ते ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला आले. पुढं दूध संघाची माणसं या सिनेमाच्या प्रती घेऊन दुसऱ्या राज्यांतल्या गावांत गेली. आधी सिनेमा दाखवायचा, मग सोसायटीचं बोलायचं. थेंबाथेंबानं जमवलेल्या पैशाची ताकद आपल्याला कोणी नव्यानं सांगायला नको.

आणखी एक नाव ध्यानात ठेवा, विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या या बाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तिथं शिकल्या, पुढं शिक्षणाधिकारी झाल्या. पाटण्यात आणि दिल्लीत त्यांनी फिल्म सोसायटीचं काम केलं. फिल्म सोसायटी म्हणजे एक प्रकारचा गटच. सभासद वर्गणी काढतात, चांगला सिनेमा आणतात, बघून झाल्यावर त्यावर बोलतात. १९५९ साली अशा सोसायट्यांचा देशाचा महासंघ झाला, त्याचे अध्यक्ष सत्यजित राय, आणि उभारणीत विजयाबाई पुढं होत्या. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. ही रीत बहुतेक शहरातच राहिली. खरं तर वर्गणी, नोंदवही आणि चर्चा या तिन्ही गोष्टी आपल्या गटांत दर महिन्याला होतात.

मग आज काय झालंय? टीव्ही आला, तेव्हा निदान अख्खी गल्ली एका घरात जमायची. नंतर फिल्मच्या रिळांचा जमाना संपला, टुरिंग टॉकीजचे बहुतेक तंबू उठले. आता सिनेमा मोबाइलमध्ये आलाय. पण घरात मोबाइल कोणाच्या हातात असतो? बाईच्या हाती तो येतो सगळी निजल्यावर, आणि तीही एकटीच बघते. दोरी गेली, तसं शेजारी बसणारंही कोणी उरलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. गावात सिनेमा दाखवायचं ठरलं, तर तो सार्वजनिक खेळ होतो, त्यासाठी ज्यांचे हक्क आहेत त्यांची परवानगी घ्या. वेळ बायकांच्या कामाची बघून ठरवा. वर्गणी वेगळी काढा, गटाच्या बचतीला हात लावू नका. आणि दिवा लागल्यावर लगेच उठू नका. अर्धा तास बसा. जिजाईचं बरोबर होतं की तुकोबांचं, यावर एकदा वाद होऊ द्या. गटात कधी तोंड न उघडणारी बाई बहुतेक त्या दिवशी बोलेल, कारण ती स्वतःबद्दल नाही, जिजाईबद्दल बोलत असेल.