पलटणीचा खर्च आणि पक्षांची मते

अमरावतीहून अचलपूर-परतवाड्याकडे निघाले की पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ देह ठेवला, म्हणून महाराष्ट्राला हे नाव ठाऊक आहे. परंतु वलगावावरून जाणाऱ्या या रस्त्याला आणखीही एक इतिहास आहे. तो पुढे जातो तो एका लष्करी छावणीकडे. आजचे परतवाडा हे त्या छावणीच्या आश्रयाने वाढलेले गाव. या छावणीत राहणाऱ्या फौजेच्या पगारापायी अवघा वऱ्हाड प्रांत एका सरकारच्या हातातून दुसऱ्या सरकारच्या हातात गेला, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. सैन्य किती असावे, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि त्याने कोणाचा हुकूम पाळावा, या प्रश्नांवर राजकीय पक्ष का भांडतात हे समजून घ्यायचे असेल, तर वऱ्हाडी माणसाला फार लांब जावे लागत नाही.

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. नाव निजामाचे, खर्च निजामाचा. हुकूम मात्र इंग्रजांचा! पगार थकत गेले, कंपनीचे कर्ज चढत गेले आणि अखेर २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत तह झाला. त्याअन्वये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे मुलूख फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० साली नवा तह होऊन धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले; पण वऱ्हाड काही सुटला नाही. हिशेब मागण्याचा निजामाचा हक्कही त्याच वेळी गेला. लवकरच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्या मुलुखाचे उत्पन्न फौजेपुरते म्हणून घेतले होते, ते आता फौजेला पुरून उरू लागले. सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून खटपट केली. त्याचा उपयोग झाला नाही. १९०२ साली कर्झनने सालिना पंचवीस लाख रुपयांच्या खंडाने हा प्रांत कायमचा पट्ट्यावर घेतला. १९०३ साली कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. जिच्यासाठी प्रांत गहाण पडला ती फौज या रूपात उरली नाही. गहाण मात्र कायम राहिले.

अशा प्रांतातील पुढाऱ्यांना सैन्याचा प्रश्न नुसता पुस्तकी वाटला नसता तर नवल नव्हते. राष्ट्रसभेने १८८५ च्या पहिल्याच अधिवेशनात वाढत्या लष्करी खर्चाला विरोध नोंदवला होता. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. देशात दुष्काळ आणि प्लेग यांनी थैमान घातले होते. आणि सरकारच्या तोफा वायव्य सरहद्दीवर धडाडत होत्या. सरहद्दीवरील या चढाईच्या धोरणाचा निषेध अमरावतीच्या मंडपात झाला. साम्राज्याच्या हौसेची किंमत उपाशी रयतेने का द्यावी, हा त्यामागचा साधा सवाल होता.

मौज अशी की, जी राष्ट्रसभा खर्च कमी करा म्हणत होती, तीच हिंदी तरुणांना अधिकाराच्या जागा द्या, लष्करी विद्यालये काढा, हत्यारांचा कायदा सैल करा, असेही म्हणत होती. इंग्रजी पत्रांना यात विसंगती दिसे. वास्तविक ती नव्हती. गोपाळराव गोखल्यांनी १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे दिलेली साक्ष आणि १९०२ पासूनची अंदाजपत्रकावरील भाषणे पाहिली, म्हणजे मवाळांचे म्हणणे नीट ध्यानात येते. गोरे सैन्य व गोरे अधिकारी महाग पडतात. रयतेवर भरवसा ठेवून तिच्यातूनच सेना उभी केली, तर खर्चही उतरेल आणि देशही निर्भय होईल, हा तो हिशेब होता.

आता जहाल पक्षाकडे वळू. अमरावतीत मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हे मवाळ, तर खापर्डे टिळकांचे जिवलग. पहिले महायुद्ध आले तेव्हा जहाल मंडळी सैन्यभरतीला विरोध करतील, अशी कोणाचीही अटकळ व्हावी. घडले निराळेच. टिळकांनी तरुणांना सैन्यात शिरण्याचा उपदेश केला, मात्र त्याबरोबर स्वराज्याचे आश्वासन आणि अधिकाराच्या जागा मागितल्या. एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीस युद्धपरिषद भरली. टिळकांना तीत बोलावणे नव्हते, खापर्डे होते. त्यांनी जबाबदार राज्यपद्धतीचा ठराव पुढे आणला, तो नियमबाह्य ठरवण्यात आला. १० जून रोजी मुंबईच्या परिषदेत टिळक बोलू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच अडवले, आणि ते सभा सोडून बाहेर पडले. त्याच उन्हाळ्यात अहिंसेचे उपासक गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून बिनशर्त भरती करू पाहत होते! टिळकांनी त्यांच्याकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला होता. हिंदी माणसाला अधिकाराच्या जागा मिळण्याचे वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिल्यास ही रक्कम तुमची, अशी ती पैज. मदतीचा सौदा करू नये, म्हणून गांधीजींनी चेक परत केला. शस्त्र एकच, पण एकाला ते हक्काच्या बदल्यात उचलायचे होते, दुसऱ्याला कर्तव्य म्हणून.

पुढे अमरावतीचेच एक प्रकरण साऱ्या देशात गाजले. १९२५ साली श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांत सरकारच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. सरकारात शिरायचे नाही, हे स्वराज्य पक्षाचे ब्रीद; पंडित मोतीलाल नेहरू संतापले. तेव्हा केळकर आणि जयकर यांनी उलट विचारले की, सैन्याच्या हिंदीकरणासाठी सरकारने नेमलेल्या स्कीन कमिटीत खुद्द पंडितजी बसतात, मग तांब्यांनीच कोणते पाप केले? प्रश्न अडचणीचा होता. पंडितजी १९२६ साली कमिटीतून बाहेर पडले. इकडे केळकर, जयकर, नागपूरचे डॉ. मुंजे आणि यवतमाळचे बापूजी अणे यांनी प्रतियोगी सहकारितेचा वेगळा पक्ष मांडला. लष्करी शिक्षण सरकारच्या हातूनही घ्यावे की नाही, या कोड्याने एका पक्षाची फाळणी होण्यास असा हातभार लावला. देहरादूनची लष्करी अकादमी १९३२ साली उघडली. मुंज्यांनी १९३७ साली नाशकात भोंसला मिलिटरी स्कूल काढले.

दुसऱ्या महायुद्धात तर प्रत्येक पक्षाची वाट वेगळी झाली. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ साली राजीनामे दिले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. उलट सावरकर आणि मुंजे हिंदू तरुणांना सैन्यात शिरा म्हणून सांगत होते. डॉ. आंबेडकरांची भूमिका यांपैकी कोणाशीच जुळणारी नव्हती. एकेकाळी लढलेल्या महारांना सैन्याचे दार सरकारने १८९० नंतरच्या काळात बंद केले होते. पहिल्या युद्धात त्यांची पलटण उभारली गेली, ती १९२१ साली मोडली. ते दार पुन्हा उघडावे, हा त्यांचा आग्रह होता आणि १९४१ साली महार पलटण उभी राहिली. ज्याला गावात पाणवठा बंद, त्याला गणवेश आणि पगार म्हणजे मनुष्यत्वाची पावती होती. कम्युनिस्टांनी हे युद्ध साम्राज्यशाहीचे म्हटले. १९४१ साली हिटलर रशियावर चालून गेला, तेव्हा तेच लोकयुद्ध झाले. बापूजी अणे त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा देऊन बाहेर पडले.

हे पाहून कोणी म्हणेल की आपलेच पुढारी असे चंचल! तसे नाही. अमेरिकेत हॅमिल्टनला खडी फौज हवी होती, जेफरसनला तिची धास्ती वाटे. मेक्सिकोवरील युद्धाबद्दल अध्यक्षांना खोचक प्रश्न विचारणारा लिंकन पुढे स्वतः अध्यक्ष झाला, तेव्हा त्यानेच प्रचंड सेना उभारली. ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या भरतीची मुदत वाढवणारे विधेयक तिथल्या प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ मतांनी, म्हणजे एका मताने, तरले. बहुसंख्य डेमोक्रॅट बाजूने, बहुसंख्य रिपब्लिकन विरुद्ध. व्हिएतनामच्या युद्धानंतर मात्र रिपब्लिकन हा सैन्याचा कैवारी आणि डेमोक्रॅटिक हा त्याला जाब विचारणारा, अशी अगदी उलटी ओळख रूढ झाली. स्वतंत्र भारतातही गांधीजींचे जुने सहकारी आचार्य कृपलानी यांनीच संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर देशाच्या संरक्षणाच्या प्रश्नावरून कडक टीका केली आणि १९६२ साली उत्तर मुंबईत त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली. ते हरले, पण त्याच वर्षी चीनच्या आक्रमणानंतर मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले.

तात्पर्य, सैन्याविषयीची पक्षांची मते शौर्य किंवा भित्रेपणा यांवरून ठरत नाहीत. पैसा कोणाचा, हुकूम कोणाचा आणि पलटणीत जागा कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की मते बदलतात. मवाळांनी पहिला प्रश्न धरला, टिळकांनी दुसरा, बाबासाहेबांनी तिसरा. एकाने दुसऱ्याला देशद्रोही वा भ्याड म्हणावे असे त्यात काही नव्हते. प्रसंगी म्हटले गेले, हे मात्र खरे.

राहता राहिली ती जुनी फौज. कंटिंजंटच्या पलटणींपैकी एकीचे नाव पुढे ‘९६ वी बेरार इन्फंट्री’ असे पडले. १९२२ साली त्या पलटणींची हैदराबाद रेजिमेंट बनली आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिला कुमाऊं रेजिमेंट हे नाव मिळाले. मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला पडले, ते याच रेजिमेंटचे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे धारातीर्थी पडलेले मेजर शैतानसिंग आणि त्यांचे जवानही याच रेजिमेंटचे. जिच्या पगारापायी वऱ्हाड गहाण पडला, तिच्याच वारसांनी पुढे स्वतंत्र देशाच्या सीमा राखल्या. परंपरा तीच राहिली, हुकूम देणारे मात्र बदलले. आणि तो हुकूम देणाऱ्यांना निवडण्याचा अधिकार आता वलगावच्या शेतकऱ्याच्याही हातात आहे. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला त्याने हे तीन प्रश्न विचारावेत. ते विचारण्याचा हक्क वऱ्हाडाइतका महाग क्वचितच कोणी विकत घेतला असेल.