कुलाब्याच्या तटाखालील दोस्त सैन्य

अठराव्या शतकाच्या आरंभीं मुंबई बंदरांतून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेकडे जाणाऱ्या गलबताच्या तांडेलाला चार राजसत्तांचीं निशाणें ओळखतां यावीं लागत. पाठीमागें मुंबईच्या किल्ल्यावर इंग्रज कंपनीचें निशाण. थळच्या समोर खांदेरी बेटावर आणि पुढें अलिबागेच्या कुलाब्यावर कान्होजी आंग्र्याचा अंमल. खांदेरीच्या शेजारची उंदेरी मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीची. अलिबागेच्या दक्षिणेस पांच कोसांवर कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंड्याचा तट आणि पलीकडचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांकडे. त्याच्याहि खालीं राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं खुद्द जंजिरा. आज ज्याला रायगड जिल्ह्याचा किनारा म्हणतात त्या एवढ्याशा पट्टींत हे चौघे शेजारी नांदत होते; किंबहुना, एकमेकांवर डोळा ठेवून बसले होते.

समुद्रावर सुरक्षितता कोणी द्यावी आणि तिचें मोल कोणी घ्यावें, हा त्यांच्यांतील खरा वाद होता. परवान्यावांचून कोणीं जहाज हांकूं नये, हा नियम या पाण्यांत प्रथम पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत लादला. कान्होजीनें तोच नियम आपल्या दस्तकांच्या रूपानें चालविला. जो दस्तक घेईल त्याच्या मालाला धक्का लागूं नये; जो घेणार नाहीं त्याचें जहाज धरावें. पोर्तुगीजांनीं केलें तेव्हां तो राजाधिकार ठरला आणि मराठ्यांच्या सरखेलानें केलें तेव्हां ती चांचेगिरी ठरली! इंग्रजी ग्रंथांतून कान्होजीला लागलेलें चांचा हें विशेषण या तर्काचें फळ आहे.

कान्होजीचें बळ केवळ त्याच्या गुराबांत आणि गलबतांत नव्हतें. १७१३ सालीं तो ताराबाईच्या पक्षाला होता. शाहू महाराजांनीं त्याच्यावर पेशवा बहिरोपंत पिंगळे यास धाडलें. कान्होजीनें पेशव्यालाच पकडून अटकेंत टाकलें. अशा वेळीं दुसरी फौज रवाना करणें हा कोणत्याहि दरबारचा स्वाभाविक विचार. त्याऐवजीं महाराजांनीं पेशवाईचीं वस्त्रें बाळाजी विश्वनाथास देऊन त्याला कान्होजीकडे पाठविलें. बाळाजी श्रीवर्धनचा, कोंकणची नस जाणणारा, सिद्दीच्या अमलांतून बाहेर पडून देशावर आलेला. त्यानें १७१४ सालीं केलेला तह मोठा समंजस होता. कान्होजीनें शाहूस छत्रपति मानावें, पिंगळ्यास सोडावें, घांटावर घेतलेले बहुतेक किल्ले परत करावे. आणि त्याच्या बदल्यांत किनाऱ्यावरील किल्ले, आरमार व सरखेलपद त्याच्याकडे कायम राहावें. दोघांनींहि कांहीं दिलें, कांहीं राखलें, आणि मुख्य म्हणजे भांडणाचें मूळच काढून टाकलें. या तहाची किंमत सात वर्षांनीं कळून आली.

इकडे मुंबईस १७१५ च्या अखेरीस चार्लस बून हा गव्हर्नर होऊन आला. मोठा उद्योगी माणूस. त्यानें मुंबईभोंवतीं तट उभारला, लढाऊ जहाजें बांधलीं आणि आंग्र्याचा निकाल लावण्याचा चंग बांधला. १७१७ सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर, १७२० सालीं पुन्हां विजयदुर्गावर त्यानें आरमार पाठविलें. शेवटच्या वेळीं तर एक तरता तोफखानाच मुद्दाम बनविला होता. तिन्हीं मोहिमा फसल्या. अपयशाबरोबर संशयहि वाढत गेला. मुंबईंतील प्रतिष्ठित व्यापारी रामा कामती याच्यावर १७२० सालीं कान्होजीशीं आंतून संधान बांधल्याचा आरोप ठेवून त्याला जन्माची कैद सांगण्यांत आली. ज्या पत्रांवर हा आरोप उभारला होता तीं बनावट असल्याचें पुढें उघडकीस आलें; तोंपर्यंत फार उशीर झाला होता.

एकट्याच्यानें होत नाहीं हें उमजल्यावर बूननें शेजाऱ्याकडे पाहिलें. हा शेजारी म्हणजे वसईपासून रेवदंड्यापर्यंत पसरलेलीं पोर्तुगीजांचीं ठाणीं. परंतु या दोघांचा इतिहास काय होता? मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानें इंग्रजांस मिळालें, पण प्रत्यक्ष ताबा द्यावयास पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं १६६५ साल उजाडविलें. ठाण्याच्या व कारंजाच्या जकातींवरून दोघांच्या तक्रारी वर्षानुवर्षें चालल्या होत्या. त्यांत १७२० सालीं बूननें गोव्याच्या आर्चबिशपाच्या हाताखालील पाद्री मुंबईंतून काढून लावले आणि त्यांच्या जागीं कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले. या प्रकरणानें मुंबई आणि वसई यांचें वैर पराकोटीला गेलें होतें. त्यानंतर अवघ्या वर्षाच्या आंत हेच दोघे एका मेजाशीं बसून मैत्रीच्या कलमांवर सह्या करूं लागले!

१७२१ च्या ऑगस्टांत करार झाला. दोघांनीं सारखें सैन्य द्यावें, एकमेकांस सोडून कोणींहि आंग्र्याशीं तह करूं नये, जिंकल्यावर कुलाबा पोर्तुगीजांनीं घ्यावा आणि विजयदुर्ग इंग्रजांनीं. करार वाचतांना एक गोष्ट डोळ्यांत भरते. लुटीची आणि किल्ल्यांची वांटणी त्यांत ठरली आहे; जकातीचा, पाद्र्यांचा, बंदरांचा जुना वाद मात्र होता तेथेंच ठेवला आहे. शिवाय पहिला घाव कुलाब्यावर, म्हणजे पोर्तुगीजांच्या वांट्यावर घालावयाचा होता. इंग्रज शिपायानें ज्या तटाखालीं मरावयाचें तो तट उद्यां शेजाऱ्याचा होणार होता.

सप्टेंबरांत इंग्लंडच्या राजाच्या आरमारांतील चार लढाऊ जहाजें घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज मुंबईस आला. त्याचें मूळ काम मादागास्करच्या चांच्यांचा बंदोबस्त हें होतें. गोव्याहून व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जुझे द सांपायु इ काश्त्रु जातीनिशीं चौलास आला. दोघांचें मिळून सहा हजारांच्या वर पायदळ जमलें. इंग्रजांच्या जमिनीवरील फौजेवर रॉबर्ट कोवन होता, पण राजाचा कमोडोर मोठा कीं कंपनीचा सेनापति मोठा, आणि दोघांहून व्हाइसरॉय मोठा कीं काय, याचा उलगडा कोणीं केला नव्हता. दोघां दोस्तांचें पंचांगसुद्धां एक नव्हतें. इंग्रज जुनी गणना पाळीत, पोर्तुगीज नवी. दोहोंत अकरा दिवसांचें अंतर. एकाच लढाईची तारीख दोघांच्या दप्तरांत निराळी सांपडते ती यामुळें.

कान्होजीनें साताऱ्यास आधींच कळविलें होतें. १७१४ चा तह आतां कामास आला. प्रथम पिलाजी जाधव घोडदळ घेऊन उतरला आणि मागोमाग स्वतः बाजीराव. बाळाजी विश्वनाथ १७२० सालीं वारला होता. त्याच्या या मुलाला पेशवाई मिळून दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं आणि त्याचें वय अवघें एकवीस होतें. पांच वर्षांपूर्वीं कान्होजी साताऱ्याचा शत्रु असता तर या फौजा कदाचित् दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या असत्या.

कुलाबा किल्ला अलिबागेच्या पुळणीसमोर पाण्यांत आहे. ओहोटीला तेथें पायीं जातां येतें, भरतीला वाट बुडते. अशा जागीं हल्ला करणाऱ्याला घटका मोजून काम करावें लागतें. डिसेंबरांत इंग्रजांनीं शिड्या लावून तटावर चढण्याचा यत्न केला. कांहीं खलाशी वर पोंचलेहि. पण मागून जोर आला नाहीं, वर चढलेले कापले गेले, दारूगोळा संपत आला. त्याच वेळीं मराठ्यांचे घोडेस्वार पोर्तुगीजांच्या बाजूवर येऊन कोसळले. ती बाजू मोडली आणि पळापळ इंग्रजांच्या रांगांपर्यंत पोंचली. तोफा व सामान टाकून दोन्हीं सैन्यें मागें हटलीं.

क्लेमेंट डाउनिंग नांवाचा एक इंग्रज या मोहिमेंत हजर होता आणि त्यानें १७३७ सालीं तिची हकीकत छापली. तो लिहितो कीं, मांडीला भाल्याची जखम झालेला मॅथ्यूज संतापानें बेभान होऊन पोर्तुगीज सेनापतीच्या अंगावर धांवला आणि हातांतील काठी त्यानें त्याच्या तोंडांत खुपसली. व्हाइसरॉयचाहि मान राखला नाहीं. दोस्तांची दोस्ती या काठीपाशीं संपली. इंग्रज लेखकांनीं पुढें सर्व दोष पोर्तुगीजांच्या भ्याडपणावर लोटला, आणि व्हाइसरॉयचें आजारपण हें ढोंग होतें असेंहि ते म्हणतात. हा निवाडा एकांगी वाटतो. समोर घोडदळ, पाठीशीं समुद्र आणि शेजारीं ज्याच्यावर विश्वास नाहीं असा मित्र, अशा स्थितींत शूर माणसाचेंहि पाऊल डगमगतें.

बाजीरावाचें खरें चातुर्य यानंतर दिसलें. खाडींत सांपडलेल्या शत्रूला बुडविण्याचा मोह त्यानें आवरला. त्यानें व्हाइसरॉयकडे बोलणें लावलें, इंग्रजांकडे नव्हे. पोर्तुगीजांना वसईपासून गोव्यापर्यंत मराठ्यांच्या मुलखाशेजारीं राहावयाचें होतें; शाहूच्या राज्याशीं कायमचें वैर त्यांना परवडणारें नव्हतें. १७२२ च्या जानेवारींत अलिबागेजवळ तह झाला. त्याचा सारांश स्नेह आणि परस्परांच्या मुलखांत व्यापाराची मोकळीक इतकाच. एकमेकांस सोडून तह करूं नये, हें कलम पांच महिनेहि टिकलें नाहीं. इंग्रज जहाजें मुंबईस परतलीं आणि त्याच सुमारास बूनहि विलायतेस गेला. कान्होजीच्या हयातींत कुलाब्यावर पुन्हां असा संयुक्त हल्ला झाला नाहीं. तो १७२९ सालीं वारला.

तुटलेल्या दोस्तीचें पुढील प्रकरण वसईस घडलें. चिमाजी आप्पाच्या फौजांनीं १७३९ सालीं वसईस वेढा घातला तेव्हां तेथील पोर्तुगीजांनीं मुंबईकडे मदतीची याचना केली. मुंबईकरांनीं तोफा आणि देवळांतील रुपें गहाण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले. मुंबईचा हात आंखडण्यास पैशाची व शिपायांची टंचाई आणि पेशव्याचा धाक हीं कारणें होतींच. परंतु अलिबागेच्या पुळणीवरील त्या दिवसाचा विसर मुंबईच्या कौन्सिलला पडला असेल असें मानणें कठीण आहे. मे महिन्यांत वसई पडली. जुलईंत मुंबईच्या इंचबर्ड नांवाच्या कप्तानानें चिमाजीशीं व्यापाराचा तहहि केला. पुढच्याच वर्षीं मुंबईच्या मध्यस्थीनें रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झालीं. चौघां शेजाऱ्यांपैकीं एक या किनाऱ्यावरून कमी झाला.

तिकडे आंग्र्यांच्या घरांतहि फूट पडली होती. १७३५ सालीं बाजीरावानें भावांची वांटणी करून दिली. मानाजी कुलाब्यास, संभाजी दक्षिणेस. बापानें साताऱ्याशीं जुळविलेला सांधा दक्षिणेकडील शाखेनें राखला नाहीं. संभाजीमागून आलेला तुळाजी पेशव्याला जुमानीना, आणि नानासाहेब पेशव्यानें १७५५ च्या मार्चांत त्याच्याविरुद्ध मुंबईकरांशीं करार केला. बाळाजी विश्वनाथाच्या नातवानें आजोबाच्या तहाची वाट सोडली ती येथें. एप्रिलांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यांत एका जहाजाला आग लागली आणि एकास एक बांधलेलें आंग्र्याचें सगळें आरमार जळून गेलें. पेशव्याची फौज जवळ असतां इंग्रजांनीं किल्ल्यांत शिरून सुमारें दहा लाखांची लूट आपसांत वांटून घेतली. ज्या एका आरमाराला मुंबई चाळीस वर्षें भीत आली होती, तें पेशव्याच्या संमतीनें नाहींसें झालें.

विजयदुर्ग परत मिळविण्यासाठीं पेशव्याला बरीच घासाघीस करावी लागली. ऑक्टोबरांत पुण्यास तह झाला तेव्हां किल्ला मराठ्यांकडे आला. पण त्याच्या बदल्यांत सावित्रीच्या मुखावरील बाणकोट व आसपासचीं कांहीं गांवें इंग्रजांकडे कायम झालीं. बाणकोटला त्यांनीं फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें. खाडीच्या अलीकडे हरिहरेश्वर आहे, आणि तेथून थोड्या कोसांवर पेशव्यांचें मूळ गांव श्रीवर्धन.