कार्बन डायऑक्साइडपासून इंधन

कोळसा जळताना उष्णता मिळते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. याच वायूपासून पुन्हा इंधन बनवायचे, तर बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. शिवाय त्याचा रेणू अत्यंत स्थिर असल्याने तो इतर पदार्थांशी सहजासहजी संयोग पावत नाही. ही अडचण उत्प्रेरक दूर करतो. तो अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि तिच्यातून कोणता पदार्थ मिळावा हेही बऱ्याच अंशी ठरवतो. स्वतः मात्र खर्ची पडत नाही.

१९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी निकेलच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजनपासून मिथेन तयार केला होता. निकेलऐवजी तांबे, झिंक ऑक्साइड व ॲल्युमिना यांचा उत्प्रेरक वापरल्यास मिथेनॉल मिळते. त्यासाठी २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या साधारण ५० ते १०० पट दाब लागतो. या अभिक्रियेत पाणीही तयार होते. त्याच्या वाफेमुळे तांब्याचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा पृष्ठभाग घटतो आणि उत्प्रेरक मंदावतो. त्यामुळे कणांना विखुरलेले ठेवणारा टिकाऊ आधार शोधणे हे संशोधकांपुढील मोठे आव्हान आहे. मुंबईच्या आयआयटीत कार्बन संग्रहण व उपयोगासाठी राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र कार्यरत आहे.

मात्र केवळ उत्प्रेरकाने भागत नाही. असा प्रकल्प बीड जिल्ह्यात उभारायचा ठरवला, तर काय लागेल? परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून कार्बन डायऑक्साइड मिळू शकेल. एक किलो मिथेनॉलमध्ये असा सुमारे १.४ किलो वायू सामावतो. पण त्यासाठी लागणारा सुमारे १९० ग्रॅम हायड्रोजन पाण्याच्या विद्युत विघटनातून मिळवण्यास जवळपास दहा युनिट वीज खर्च होते. ही वीज कोळशापासून घेतली, तर ती निर्माण करतानाच सुमारे नऊ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. म्हणजे चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला! पाटोदा परिसरात बालाघाटच्या माथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांसारख्या स्वच्छ स्रोताची वीज वापरली, तरच हा हिशेब जुळतो.

प्रश्न पाण्याचाही आहे. एक किलो मिथेनॉलच्या हायड्रोजनसाठी सुमारे १.७ लिटर पाणी विघटित करावे लागते. त्यापैकी जेमतेम एक तृतीयांश अभिक्रियेतून परत मिळते. याच जिल्ह्यातील परळीचे केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. उत्प्रेरक अभिक्रियेची वाट सोपी करतो. स्वच्छ वीज आणि पाणी यांची सोय मात्र आधी करावी लागते.