उसाचे चिपाड आणि बेटाची वीज : मॉरिशसच्या अपारंपरिक ऊर्जाधोरणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९५७ ते २०२३)

गोषवारा

द्वीपराष्ट्रांच्या ऊर्जाप्रश्नाचा विचार करताना सौर व पवनऊर्जेची चर्चा प्रामुख्याने होते. मॉरिशस या देशाने मात्र त्याआधी कित्येक दशके उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण करून ती सार्वजनिक जाळ्यास पुरविली. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रयोगाची ऐतिहासिक वाटचाल, त्यातील गुंतवणुकीची रचना आणि शासकीय धोरण यांचा आढावा घेतला आहे. वीजकेंद्रांना प्रोत्साहन मिळाले, परंतु चिपाड पिकविणाऱ्या लहान ऊस उत्पादकास त्याचा योग्य मोबदला वेळेवर मिळाला नाही; परिणामी ऊसक्षेत्र घटत गेले व ती पोकळी आयात कोळशाने भरून काढली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मॉरिशस, चिपाड, सहवीजनिर्मिती, लहान ऊस उत्पादक, ऊर्जाधोरण, कोळसा.

१. प्रस्तावना

हिंदी महासागरातील मॉरिशस हे सुमारे २,०४० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे द्वीपराष्ट्र होय. तेथे कोळसा नाही, खनिज तेल नाही आणि शेजारील देशाकडून वीज घेता येईल अशी भूसीमाही नाही. अशा देशास इंधनाचा प्रत्येक थेंब जहाजाने आणावा लागतो. त्यामुळे जागतिक बाजारातील प्रत्येक दरवाढ थेट त्याच्या परकीय चलनाच्या साठ्यावर येऊन आदळते. या पार्श्वभूमीवर घरच्या घरी उपलब्ध होणारे एकमेव मोठे इंधन म्हणजे उसाचे चिपाड होते.

मराठी वाचकांस हा विषय दोन कारणांनी जवळचा वाटावा. गुलामगिरी संपुष्टात येण्याच्या सुमारास, १८३४ पासून भारतातून सुमारे साडेचार ते पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी भाषक कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात व शाळांतून मराठी शिकतात. दुसरे कारण असे की, ऊस, साखर कारखाना आणि सहवीजनिर्मिती हे तिन्ही शब्द महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणात नित्याचे आहेत.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१. मॉरिशसमधील चिपाडाधारित वीजनिर्मितीच्या ऐतिहासिक टप्प्यांचा मागोवा घेणे.
२. या क्षेत्रातील गुंतवणुकीस चालना देणाऱ्या शासकीय धोरणांचे विश्लेषण करणे.
३. लहान ऊस उत्पादकाचा वाटा व अपारंपरिक ऊर्जेचे प्रमाण यांतील परस्परसंबंध तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी : ऊस कोणाचा, साखर कोणाची?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या लहानशा बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. शतकाच्या अखेरच्या दशकांत साखरेचे भाव कोसळले, तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या, कमी कसदार जमिनी तुकडे करून विकण्यास प्रारंभ केला. कराराची मुदत संपलेल्या भारतीयांनी पै पै साठवून त्या विकत घेतल्या. अशा रीतीने स्वतःची जमीन कसणारा, पण कारखाना नसलेला लहान ऊस उत्पादक हा नवा वर्ग उदयास आला.

या वर्गाचे व कारखानदारांचे संबंध प्रारंभापासूनच ताणलेले होते. १९३७ मध्ये कारखान्यांनी ‘उबा’ या जातीच्या उसाचा दर १५ टक्क्यांनी कमी केला. लहान उत्पादक मुख्यत्वे हाच ऊस लावीत असत. त्यातून बेटावर असंतोष उसळला आणि त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात युनियन फ्लॅक येथील मळ्यावर झालेल्या गोळीबारात चार जण मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर उत्पादक व कारखानदार यांच्यातील वाटणीवर शासकीय देखरेख आली. कालांतराने उत्पादकाच्या उसातून निघणाऱ्या साखरेपैकी ७८ टक्के साखर उत्पादकाची व उर्वरित कारखान्याची, असे प्रमाण स्थिरावले. मळीवरही उत्पादकाचा हक्क मान्य झाला. चिपाड मात्र कारखान्याकडेच राहिले. त्या काळी ते केवळ रस आटविण्यासाठी लागणारे जळण होते, त्यास बाजारमूल्य नव्हते. म्हणून त्याविषयी फारसा वादही झाला नाही. पुढील इतिहासाचे बीज या न झालेल्या वादात आहे.

४. चिपाडापासून वीज : तीन टप्पे

मॉरिशसमध्ये विजेचा प्रारंभ जलविद्युतेने झाला. केंद्रीय वीज मंडळाची स्थापना १९५२ मध्ये झाली. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, सँ आंत्वान येथील साखर कारखान्याने आपली वीज प्रथम सार्वजनिक जाळ्यास दिली. तिचे प्रमाण जेमतेम २.८ लाख युनिट इतके होते, तथापि या घटनेने एक नवी वाट खुली केली.

चिपाडाचे प्रमाण उसाच्या वजनाच्या साधारणपणे ३० टक्के असते आणि त्यात निम्मे पाणी असते. जुन्या, कमी दाबाच्या बॉयलरमध्ये ते जाळले असता कारखान्याची गरज भागून थोडीच वीज उरत असे. ही वीज अनिश्चित असल्याने वीज मंडळ तिला नगण्य दर देई. हा पहिला टप्पा होय. दुसऱ्या टप्प्यात गाळप हंगामात, म्हणजे साधारणपणे जून ते डिसेंबर या काळात, ठरावीक वीज अखंड पुरविण्याचे करार झाले. तिसऱ्या टप्प्यात वर्षभर वीज देणारी केंद्रे आली. हंगामात चिपाड व हंगामाबाहेर आयात कोळसा, अशी त्यांची रचना होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास फ्लॅक येथील कारखान्याने अशा प्रकारचे पहिले केंद्र सुरू केले. १९३७ च्या गोळीबाराचे ठिकाण ते हेच. साखरेच्या वाटणीवरून जेथे रक्त सांडले, तेथेच विजेच्या वाटणीचा नवा प्रश्न जन्मास आला.

१९७३ व १९७९ या वर्षांतील तेलदरवाढीने शासनाचे लक्ष या क्षेत्राकडे वळले. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या कारकिर्दीत १९८५ मध्ये साखर क्षेत्र कृती आराखडा व १९८८ मध्ये साखर उद्योग कार्यक्षमता कायदा आला. या कायद्याने चिपाड वाचविणाऱ्या व वीजनिर्मितीत गुंतवणूक करणाऱ्या कारखान्यांस करसवलती दिल्या. १९९१ मध्ये चिपाड ऊर्जा विकास कार्यक्रम आखण्यात आला व त्यास जागतिक बँकेचे साहाय्य लाभले. दक्षिणेकडील जे वीजकेंद्र या साहाय्याने उभारावयाचे होते, ते त्या प्रकल्पात उभे राहिले नाही. तथापि दरनिश्चितीची पद्धती, दीर्घ मुदतीचे खरेदी करार व खासगी उत्पादकांस मिळालेली हमी ही या प्रयत्नांची खरी फलश्रुती होय. या पायावर २००० मध्ये उत्तरेकडील बेल व्ह्यू येथे ७० मेगावॅट क्षमतेचे, ८२ बार दाबाच्या बॉयलरचे केंद्र सुरू झाले. २००७ मध्ये दक्षिणेत सव्हाना येथे दुसरे मोठे केंद्र आले. जुन्या यंत्रसामग्रीवर एक टन उसामागे दहा-वीस युनिट वीज बाहेर देता येई. नव्या केंद्रांत ती शंभर युनिटांच्या पुढे गेली.

५. गुंतवणुकीची रचना व तिच्या मर्यादा

या केंद्रांसाठी लागणारे भांडवल कारखानदार घराणी, परदेशी ऊर्जा कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी एकत्र येऊन उभारले. यात एक उल्लेखनीय पाऊल १९९४ मध्ये उचलले गेले. साखर गुंतवणूक न्यासाची स्थापना होऊन लहान ऊस उत्पादक व साखर कामगार यांस कारखान्यांत २० टक्के भागभांडवल मिळाले. पुढे वीजकेंद्रांतही न्यासाचा हिस्सा राहिला. मजुरांच्या वंशजांनी मालकीत प्रवेश केला, या दृष्टीने ही घटना महत्त्वपूर्ण आहे.

परंतु भागधारक म्हणून मिळणारा लाभांश आणि उत्पादक म्हणून मिळणारा मालाचा दर या भिन्न गोष्टी आहेत. चिपाडाच्या मोबदल्यासाठी निधीची तरतूद होती, तथापि हाती पडणारी रक्कम नाममात्र असल्याची उत्पादकांची तक्रार अनेक वर्षे कायम राहिली. जोवर साखरेस चांगला भाव होता, तोवर ही उणीव झाकली गेली. १९७५ च्या लोमे करारांतर्गत युरोपीय समुदाय मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर दरवर्षी हमीदराने घेत असे. युरोपीय संघाने २००६ पासून हा दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी घटविला आणि २००९ मध्ये साखर प्रोटोकॉल संपुष्टात आला.

याचे परिणाम दूरगामी ठरले. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे तीस हजार लहान उत्पादक होते. त्यांपैकी बहुसंख्यांनी पुढील दोन दशकांत ऊस सोडला. कारखान्यांची संख्या घटून तीनवर आली. १९७० च्या दशकात सात लाख टनांपर्यंत गेलेले साखर उत्पादन २०२० नंतर अडीच लाख टनांच्या आसपास उतरले. ऊस कमी म्हणजे चिपाड कमी, हे सरळ गणित होते. १९९९ च्या दुष्काळात साखर उत्पादन मोठ्या प्रमाणावर घटले, तेव्हा या इंधनाची परावलंबिता दिसून आली होती. परंतु दुष्काळ एका वर्षाचा असतो, पडीक जमीन कायमची होते.

६. कोळशाचा शिरकाव

चिपाड घटले तरी वीजकेंद्रे थांबली नाहीत, कारण त्यांच्या रचनेतच कोळशाची सोय होती. हंगामाबाहेरचा पूरक म्हणून आलेला कोळसा हळूहळू मुख्य इंधन झाला. २०१० च्या दशकात बेटावरील विजेत कोळशाचा वाटा सुमारे ४० टक्के होता, तर चिपाडाचा सुमारे १६ टक्के. वीजकेंद्र एकच, धुरांडे एकच. त्यामुळे अपारंपरिक ऊर्जेच्या नावाखाली उभ्या राहिलेल्या गुंतवणुकीने प्रत्यक्षात कोळशाचीच पायाभरणी केली, अशी टीका झाली.

लोकमतही स्वस्थ बसले नाही. अल्बियनजवळ नियोजित असलेल्या १०० मेगावॅटच्या कोळसा केंद्रास नागरिकांनी विरोध केला व २०१३ मध्ये आंदोलनाने उपोषणाचे रूप घेतले. अखेर तो प्रकल्प बारगळला.

दरम्यान २००८ मध्ये ‘मॉरिस इल द्युराब्ल’, म्हणजे शाश्वत मॉरिशस, ही संकल्पना शासनाने मांडली. दीर्घकालीन ऊर्जाधोरणाने २०२५ पर्यंत ३५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१४ मध्ये बांबू येथे सौरकेंद्र व २०१६ मध्ये प्लेन दे रोश येथे पवनकेंद्र सुरू झाले. २०२१ मध्ये याहून पुढे जाऊन २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घेण्याची व कोळसा बंद करण्याची घोषणा झाली. वस्तुस्थिती मात्र निराळी होती. २०२३ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांहूनही कमी भरले. सूर्य व वारा यांची भर पडत असताना चिपाडाची गळती सुरूच राहिल्याने एकूण प्रमाण वाढू शकले नाही.

२०२१ मध्येच शासनाने चिपाडाचा मोबदला वाढवून उत्पादकास प्रतिटन साखरेमागे ३,३०० मॉरिशस रुपये देण्याचे ठरविले. चिपाड ही पिकविणाऱ्याच्या श्रमाची वस्तू आहे, हे तत्त्व यातून ठळकपणे मान्य झाले. तथापि तोवर हजारो एकर जमीन उसाखालून गेली होती.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील साखर कारखानदारी सहकारी तत्त्वावर वाढली. तेथे ऊस उत्पादक हाच सभासद आहे. असे असूनही चिपाडाचा प्रश्न येथेही उपस्थित झाला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर नियमन कायद्याने साखर, चिपाड, मळी व प्रेसमड यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा मानला. सहवीज व इथेनॉल यांपासून होणारा नफाही हिशेबात धरावा, अशी शेतकरी संघटनांची मागणी आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मॉरिशसला सहा दशके लागली, तो हाच प्रश्न होय.

८. निष्कर्ष

१. मॉरिशसने आयात तंत्रज्ञान व स्थानिक इंधन यांच्या साहाय्याने सहवीजनिर्मितीचा यशस्वी पाया घातला. दीर्घ मुदतीचे करार, करसवलती व दरनिश्चिती यांचा त्यात मोठा वाटा आहे.

२. धोरणाने वीजकेंद्रांची गुंतवणूक सुरक्षित केली, परंतु इंधन पिकविणाऱ्याची गुंतवणूक, म्हणजे त्याची जमीन व श्रम, सुरक्षित केली नाही.

३. दुहेरी इंधनाच्या रचनेमुळे चिपाडातील घट वीजग्राहकास जाणवली नाही. धोक्याची सूचना देणारी घंटाच त्यामुळे वाजली नाही व कोळशावरील अवलंबित्व वाढत गेले.

४. अपारंपरिक ऊर्जेचे उद्दिष्ट केवळ मेगावॅटमध्ये मांडणे अपुरे आहे. जैवइंधनाच्या बाबतीत ते हेक्टरमध्ये व उत्पादकाच्या पदरी पडणाऱ्या दरातही मांडले गेले पाहिजे.

सूर्य आणि वारा यांवर कोणाचा मालकीहक्क नसतो. चिपाडावर मात्र असतो. जे इंधन शेतातून येते, त्याचे धोरण शेतकऱ्याच्या बांधापासून सुरू व्हावयास हवे, हा मॉरिशसच्या या इतिहासाचा बोध आहे.